मद्रासच्या कुंडीतील माती

मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा, इतिहास सांगणारे किल्ल्यापासून आरंभ करतात. परंतु या शहराला रोपांचाही इतिहास आहे. डॉ. जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सैदापेठेत निवडुंगाची बाग लावली, ती त्यावर किरमिजी रंगाचे किडे पोसण्यासाठी. पुढे 1835 मध्ये कृषि-उद्यानविद्या संस्था निघाली. दूरदेशीची झाडे येथे रुजवावीत, हा त्या काळाचा ध्यास. या किनाऱ्याच्या रानात आपोआप उगवणाऱ्या जांभूळ, कवठ, खिरणी यांना कुंडी कशाला, असे वाटणे स्वाभाविकच होते.

खिरणीचेच उदाहरण घेऊ. आपण तिला रांजणही म्हणतो. चिकूचे कलम तिच्याच रोपावर बांधतात. म्हणून घोलवडच्या बागायतदारालाही तिची थोरवी ठाऊक आहे. पण रोप कमालीचे सावकाश वाढते. कलमाजोगे होण्यास दोन वर्षे सहज लागतात. इतका काळ मुळांनी ज्या मातीत राहावयाचे, ती कशी असावी? दक्षिणेतील रोपवाल्यांचे जुने उत्तर ठरलेले: तांबडी माती, रेती आणि शेणखत समभाग. उत्तर चांगले आहे. मात्र मद्रासचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत कोसळतो. त्यात रेती कमी पडली की माती घट्ट बसते आणि कोवळे रोप बुडाशी कुजते. लोक खत वाढवितात. उणी असते ती हवा.

इंग्लंडमध्ये जॉन इन्स संस्थेने 1930 नंतरच्या दशकात कुंडीचे प्रमाण प्रयोगाने ठरविले: सात भाग पोयटा, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. पीट म्हणजे थंड दलदलीत हजारो वर्षे साचलेले शेवाळ. ते या किनाऱ्यावर कोठून यावे? त्याची जागा घेणारी वस्तू मात्र दारातच ढिगांनी पडली होती: काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. तो वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, तरी हवा खेळू देतो. परंतु सोडणे खाऱ्या पाण्यात मुरविली असतील, तर भुशात मीठ राहते. शिवाय कच्च्या भुशात कर्ब नत्राच्या शंभरपटीहून अधिक. कुजताना तो रोपाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतो. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषि विद्यापीठाने यावर अळंबीची योजना काढली. एक टन भुशात पाच किलो युरिया आणि प्लुरोटस अळंबीचे बियाणे थराथरांनी घालावयाचे. महिन्याभरात भुसा काळपट होतो आणि कर्बाचे प्रमाण चोवीसपटीच्या आसपास उतरते.

आता निव्वळ भुशातली रोपे विकतात. गाडीत हलकी पडतात, हे खरे. पण जमिनीत लावल्यावर भुशाचा गोळा भोवतालच्या मातीहून वेगळा सुकतो आणि मुळे बाहेर पडण्यास कचरतात. तिसरा हिस्सा तांबड्या मातीचा राहू द्यावा, असे माझे मत आहे. भुसा धुतलेला आहे काय, हे विक्रेत्यास विचारण्यापेक्षा त्यात मुगाचे दहा दाणे पेरून आठवडाभर पाहावे.