पश्चात्तापाचा कालनिर्णय : पंडिता रमाबाईंचें उदाहरण

चरित्रग्रंथांत धर्मांतराची तिथि ठळकपणें नमूद करण्याची वहिवाट आहे, व तीस आधारही बळकट असतो. कारण बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या दप्तरांत होते. परंतु ख्रिस्ती धर्मांत ज्यास खरा पालट म्हणतात तो अंतःकरणाचा; त्याची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं. ह्या दोहोंमध्यें केवढें अंतर पडूं शकतें, तें पंडिता रमाबाईंच्या उदाहरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. प्रायश्चित्त हा विधि होय; त्यास दिवस, साक्षी व खर्च असतो. पश्चात्ताप म्हणजे कृत्यानंतर मनास होणारा ताप. नुसता विधि आमच्या स्मृतिकारांसही पुरेसा वाटला नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीच्या साधनांमध्यें अनुतापाची गणना केलेली आहे. नव्या करारांतील मूळ ग्रीक शब्द मेटानोइया. त्याचा धात्वर्थ मन पालटणें असा आहे. म्हणजे मागील दुःखापेक्षां पुढील वळणावर त्याचा भर अधिक.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं आपणांस उमगलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त मात्र लाभला नव्हता. ह्या संदर्भांत त्या हॅस्लम नांवाच्या पाद्र्याच्या आत्मवृत्ताचा उल्लेख करितात. हा पाद्री दीक्षित होऊन बरींच वर्षें लोटल्यावर, १८५१ सालीं, कॉर्नवॉलांत स्वतःच्याच प्रवचनानें पालटला होता.

आतां ह्या साक्षीचें प्रामाण्य किती? ती घटनेनंतर सुमारें सोळा वर्षांनीं लिहिलेली आहे. मध्यंतरीं १९०५ सालीं मुक्तिसदनांत धर्मजागृतीची मोठी लाट येऊन गेली होती. शिवाय हॅस्लमच्या कथेचा सांचा लेखिकेच्या डोळ्यांपुढें होता. म्हणून समकालीन कागद पाहिले पाहिजेत. सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशीं झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. बाप्तिस्म्यानंतरच्या त्या पत्रांत त्रैक्याचें मत व चर्चचा अधिकार ह्यांवर रमाबाई निर्भयपणें वाद घालितात. तेव्हां १८८३ सालीं सर्व कांहीं निश्चित झालें नव्हतें, एवढें सिद्ध होतें. पण शंका म्हणजे पश्चात्तापाचा अभाव नव्हे. तें अनुमान आम्ही काढीत नाहीं.

कृतीवरून निर्णय करावा, असें कोणी म्हणेल. १८९६-९७ च्या दुष्काळांत बाईंनीं मध्यप्रांतांतून निराश्रित मुलींस केडगांवीं आणिलें, आणि उत्तरायुष्य मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत वेंचिलें, हें खरें. परंतु विधवांसाठीं शारदासदन ११ मार्च १८८९ रोजींच उघडलें होतें, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गणनेनें अंतःपरिवर्तनाच्या आधींच! दया व विद्या त्यांच्या ठायीं पूर्वीपासूनच होत्या. पालटलें तें बाहेरून न दिसणारें होतें. आणि तें सांगण्यासाठीं, ज्या धर्मस्वीकाराकरितां त्यांनीं स्वजनांचा रोष पत्करिला, तोच अपुरा होता, असें त्यांस जगापुढें कबूल करावें लागलें. ह्या कबुलीस आम्ही सर्वांत अधिक मोल देतों.

सारांश, चरित्रकारांनीं १८८३ हें वर्ष बाप्तिस्म्याचें म्हणून लिहावें, मनःपरिवर्तनाचें म्हणून नव्हे; आणि सुमारें १८९१ हें बाईंचें स्वतःचें कथन म्हणून नोंदावें, सिद्ध घटना म्हणून नव्हे. संग्राहकांसही आमची एक विनंती आहे. जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या, तशाच त्यांनीं सोडलेल्या घरांच्या दप्तरांत शंकेचीं, भांडणाचीं, क्षमायाचनेचीं पत्रें निघतात. पुष्कळदां त्यांवर मिति नसते. तेवढ्यावरून तीं रद्दींत टाकूं नयेत. बाप्तिस्म्याची तारीख दप्तर राखून ठेवील. मनाचा शोध लागला तर तो अशाच कागदांतून लागेल.