राणा प्लाझा : शेवटचे २४ तास

मंगळवार, २३ एप्रिल २०१३, सकाळ
ढाक्याजवळचं सावार. आठमजली राणा प्लाझाच्या खांबांना तडे गेलेत. वरचे मजले बेकायदा चढवलेले, तरी नवव्याचं काम चालूच. खाली दुकानं आणि बँकेची शाखा, वर तयार कपड्यांचे पाच कारखाने. कामगारांना बाहेर काढतात. टीव्हीवाले तड्यांचं चित्रण करतात.

दिवसभरात
पाहणीला आलेला अभियंता इमारत धोकादायक ठरवतो. मालक सोहेल राणा मात्र सांगतो, घाबरण्यासारखं काही नाही.

संध्याकाळ
बँक आपल्या माणसांना कळवते, उद्या येऊ नका. कारखान्यांचा निरोप उलटा: कामावर या. तडे दोघांनीही पाहिलेत. पण कारखान्यांच्या डोक्यावर परदेशी ब्रँडांच्या ऑर्डरी आणि माल रवाना करायच्या तारखा आहेत. ऑर्डर देणाऱ्यांसाठी इथल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणीही, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याची पाहणी, झालेली आहे. इमारत किती मजबूत, हे पाहणं त्या तपासणीत बसतच नाही.

बुधवार, सकाळी ८
कामगार दाराशी घुटमळतात. बहुतेक बायका. महिना संपत आलाय, पगार व्हायचाय. वर गेला नाहीत तर महिन्याचे पैसे विसरा, असं काहींना बजावलं जातं. किमान वेतन ३,००० टका. त्या जिना चढतात.

८.४५च्या सुमारास
वीज जाते. वरच्या मजल्यांवरचे अवजड जनरेटर सुरू होतात. आधीच तडकलेले खांब हादरू लागतात.

८.५७
मजल्यावर मजला बसत इमारत कोसळते. किमान १,१३४ जणांचा मृत्यू, सुमारे २,५०० जखमी. बँकेची शाखा त्या दिवशी बंद होती.

त्यानंतर
उद्योगांनी मानवी हक्क कसे जपावेत, याची तत्त्वं संयुक्त राष्ट्रांनी २०११मध्येच मान्य केली होती. पण अनेक ब्रँडांनी कामगार संघटनांशी कायद्याने बांधील राहणारा करार केला, तो मे २०१३मध्ये. त्यात इमारतींची स्वतंत्र तपासणी आली, धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क आला आणि दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहिला तर सहा महिन्यांपर्यंत पगाराची हमी आली.

यातलं शेवटचं कलम नसेल, तर त्याआधीचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून पुरवठादाराकडे प्रमाणपत्र मागण्याआधी कंपनीने हे ठरवून टाकावं: उद्या काम थांबलं, तर पगार कोण देणार आणि उशिराचा भुर्दंड कोण सोसणार?