नाक आले, हात राहिला

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र चित्रासह प्रसिद्ध झाले. चित्रातील माणसाचे नाव कावसजी. नाव पारशी वाटते. पण पत्रलेखक त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेत बैल हाकीत असताना टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्यास नवे नाक बसविले.

कृती अशी : मेणाचा पातळ पत्रा तुटल्या नाकाच्या बुंधावर बसवून आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि तेवढी कातडी सोडवावयाची, मात्र दोन डोळ्यांमधली एक अरुंद पट्टी तोडावयाची नाही. त्या पट्टीवर कातडी फिरवून खाली आणावयाची, कडा खाचेत बसवावयाच्या आणि पाण्यात कालविलेल्या काताच्या कापडी पट्ट्या वर लावावयाच्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापावयाची. ही क्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे मासिकाने छापली. करणाऱ्याचे नाव छापले नाही.

कावसजीला नाक मिळाले, हात मिळाला नाही. तुटलेला हात परत आणणे त्या कलेच्या आवाक्यातच नव्हते. परंतु ज्या नियमावर ते नाक जगले, त्याच नियमावर पुढे असंख्य हातपाय कापले जाण्यापासून वाचले.

तो नियम रक्ताचा आहे. मांडीची पातळ साल काढून जखमेवर लावता येते; पण ती खालच्या जागेतून रक्त शोषून जगते. उघड्या पडलेल्या हाडावर अथवा कंडरेवर ती धरत नाही. नडगीवर तर हाडावर कातडीखेरीज फारसे काहीच नसते. तिथली कातडी गेली की हाड वाळते, कुजते आणि अखेर पाय जातो. अशा जागी स्वतःचे रक्त बरोबर घेऊन येणारी कातडी हवी. एका बाजूने शरीराशी जोडलेल्या अशा तुकड्यास शल्यवैद्य ‘फ्लॅप’ म्हणतात. त्या जोडास देठ म्हणता येईल. पुण्याच्या वीटकऱ्याने राखलेली पट्टी म्हणजे हा देठच.

पायाला जवळची सैल कातडी मिळत नाही. तेव्हा १८५४ मध्ये अमेरिकेत बफेलो येथील फ्रँक हॅमिल्टन यांनी पायावरच्या एका जुन्या व्रणावर रुग्णाच्याच दुसऱ्या पायाच्या पोटरीची कातडी देठासह आणून बसविली. दोन्ही पाय एकमेकांस जखडून रुग्णाने पडून राहावयाचे! हीच रीत पुढे शंभर वर्षे चालली. प्लॅस्टरमध्ये पाय बांधून तीन आठवडे काढावे लागत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये ओडेसाचे फिलाटोव्ह आणि १९१७ मध्ये इंग्लंडचे गिलीज यांनी स्वतंत्रपणे कातडीच्या कडा शिवून तिची नळी केली. अशी नळी पोटावरून मनगटावर आणि मनगटावरून पायावर न्यावयाची. प्रत्येक मुक्कामी आठवडेच्या आठवडे जात.

ही प्रतीक्षा अज्ञानाची किंमत होती, आणि ती किंमत रुग्ण भरीत होता. देठातून नेमकी कोणती धमनी जाते हे पाहण्याची फारशी चालच नव्हती. वस्तुतः १८८९ मध्येच स्ट्रासबर्गच्या कार्ल मान्शो या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्रेते चिरून कातडीच्या धमन्यांचा नकाशा प्रसिद्ध केला होता, तोही क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी. पण तो ग्रंथ कित्येक दशके जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. १९७२ मध्ये मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी जांघेतल्या एका ठराविक धमनीवर आधारलेला लांब फ्लॅप वर्णिला. आता सोललेला हात जांघेस शिवून त्यावर पुरेशी कातडी आणता येऊ लागली. तरी हात तीन आठवडे तिथेच बांधलेला!

पुढच्याच वर्षी हे बंधन तुटले. १९७३ मध्ये मेलबर्नच्या डॅनियल आणि टेलर यांनी जांघेतली कातडी पूर्ण तोडून एका जखमी पायावर ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिची धमनी व शीर तिथल्या रक्तवाहिन्यांस जोडली. देठ एका बैठकीत तुटला. १९८१ मध्ये स्वीडनच्या पोंतेन यांनी निराळीच सोय दाखविली : पायाची कातडी स्नायूंवरील चिवट पांढऱ्या पडद्यासकट उचलली, तर पूर्वी अशक्य वाटे एवढा लांब फ्लॅपही जगतो.

मग वेळेचा प्रश्न उभा राहिला. ल्युब्लियाना येथील मार्को गोदिना यांनी हातापायांच्या गंभीर जखमांचे ५३२ रुग्ण अभ्यासिले. पहिल्या ७२ तासांत जखम साफ करून कातडी आणली, तर फ्लॅप मरण्याचे प्रमाण शेकडा एकाहून कमी; त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केलेल्या शस्त्रक्रियांत ते शेकडा १२. थांबावे आणि जखम ‘शांत’ होऊ द्यावी, या जुन्या शिकवणीस हा मोठाच धक्का होता. हा निबंध १९८६ च्या सप्टेंबरात छापून आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोटार अपघातात गोदिना निवर्तले होते.

जुनी रीत तरीही संपलेली नाही. जिथे सूक्ष्मदर्शक नाही, किंवा अपघातात पायाची एकच धमनी उरली आहे आणि तिला हात लावण्याची छाती होत नाही, तिथे आजही एक पाय दुसऱ्यास जोडतात, आणि रुग्ण देठ कापण्याच्या दिवसाची वाट पाहत तीन आठवडे पडून राहतो.