सुताच्या गिरणीतून कार्बन फायबरकडे

कार्बन फायबर म्हटलं की डोळ्यांसमोर विमानं येतात. पण ते कधी तुटेल, याचं गणित सुरू झालं कापडाच्या धंद्यात.

१९२६ साली मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पियर्स यांनी सुताबद्दल एक साधी गोष्ट मांडली: सूत सगळ्यात कच्च्या जागी तुटतं. तुकडा जितका लांब, तितकी कच्ची जागा सापडायची शक्यता जास्त. म्हणजे लॅबमधल्या छोट्या नमुन्यावर विसंबून मोठा भाग बनवलात, तर फसगत ठरलेली!

१९४५ मध्ये लीड्सच्या लोकर संशोधनातल्या एच. ई. डॅनियल्स यांनी धाग्यांची अख्खी जुडी घेतली. एक तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर. (सर्व्हर पडतात ना, अगदी तसंच.) त्यामुळे जुडीची ताकद धाग्यांच्या सरासरीपेक्षा कमीच भरते.

मग रेझिनमध्ये बसवलेले तंतू सुट्या जुडीपेक्षा जास्त का पेलतात? याचं उत्तर १९६४ मध्ये अमेरिकेत बी. वॉल्टर रोझेन यांनी दिलं. तंतू तुटला की रेझिन त्याचा भार शेजाऱ्यांकडे नेतं आणि थोड्या अंतरावर परत त्याच तंतूत आणून सोडतं. वाया जातो तो फक्त तुटीजवळचा बारीकसा तुकडा. म्हणजे कंपोझिट ही छोट्या छोट्या जुड्यांची साखळी. पियर्स आणि डॅनियल्स एकाच समीकरणात. मला तर हे फारच देखणं वाटतं.

फक्त रोझेन भार सगळ्यांना सारखा वाटतात. प्रत्यक्षात लगतच्या तंतूंवर जास्त पडतो, मग तेच तुटतात, आणि अशा तुटींचा घोळका पुरेसा वाढला की अख्खा भाग एकदम जातो.