राखेच्या ढिगातील गोधन

भातसेच्या काठी वसलेल्या खडवलीस आज लोक कल्याण-कसारा लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून ओळखतात. परंतु रूळ पडण्यापूर्वीच्या वाटा वेगळ्या होत्या. घाटमाथ्यावरील मेंढपाळ पावसाळा सरताच कळप घेऊन ठाणे जिल्ह्यात उतरतात, हे आपण सर्व जाणतो. भात निघालेल्या रानात मेंढ्या बसवाव्यात, लेंडीखत शेतकऱ्यास मिळावे, मेंढपाळाने धान्य वा पैसा घ्यावा, असा हा जुना व्यवहार. वाघर उचलून तो पुढे निघाला की मागे काय उरते? एक पावसाळा गेला की जवळजवळ काहीच नाही. ज्याने शिलालेख कोरला नाही की ताम्रपट मिळविला नाही, त्या पशुपालकाचा इतिहास लिहावा कशावरून?

उत्तर मिळाले ते कृष्णेच्या खोऱ्यात. उत्तर कर्नाटकात व तेलंगणात राखेचे प्रचंड ढीग आढळतात. काहींतील राख तर वितळून काचेसारखी झालेली आहे. हंपीजवळ निंबापूरचा ढीग म्हणजे वालीच्या चितेची राख, अशी लोकसमजूत. कोणी ज्वालामुखीचेही नाव घेतले. ही शेणाची राख असावी, हे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच ताडले होते. १९५७ साली रेमंड ऑल्चिन यांनी उत्नूर येथे उत्खनन केले, तेव्हा राखेखाली कुंपणाचे खांब रोवल्याच्या खुणा ओळीने निघाल्या आणि थरांमध्ये गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले दिसले! ते गुरांचे वाडगेच होते. शेण साठले, पेटले किंवा पेटविले गेले, आणि त्याच जागी पुन्हा कुंपण उभे राहिले. त्या आगीत ऑल्चिन यांना होळी, दिवाळी व पोंगल यांच्याशी नाते दिसले. तर्क मोहक आहे, सिद्ध मात्र झालेला नाही.

काळ ठरविला तो कोळशाने. त्यातील किरणोत्सर्गी कर्ब सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. त्या हिशेबाने उत्नूरचे वाडगे चार हजार वर्षांहून जुने ठरले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी बुदिहाळ येथे उत्खनन करून वाडग्यालगतची वस्ती व जनावरे कापण्याची जागाही उजेडात आणली.

वाडगे सापडते, वाट सापडणे त्याहून कठीण. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून देवदेवतांची ठाणी आणि अश्मयुगीन बारीक गारगोटी-हत्यारे यांची सांगड घातली, आणि पशुपालकांच्या हंगामी वाटांचा माग काढला. पुढील व्यापारी मार्गांचे मूळ त्यांना याच वाटांत दिसले. जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याण बंदराकडे येणारा मार्ग आपल्या शेजारचाच. त्या घाटातील सातवाहनांच्या लेखात यज्ञदक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गायींची नोंद आहे. राजाने दान केलेल्या गायी दगडावर मोजल्या गेल्या. त्या राखणारा गुराखी तेथे कोठेच नाही.

दुर्दैव असे की, कृष्णाकाठचे राखेचे कित्येक ढीग शेतकऱ्यांनी खत म्हणून गाड्या भरभरून नेले. त्यांना दोष कसा द्यावा? शेताला खत हवेच होते. आपल्याकडे तर पाऊस आणि नांगर यांनी असा ढीग साठूच दिला नाही. मेंढ्या कोणत्या रानात बसत, कळप कोणत्या उतारावरून नदी ओलांडीत, हे आता वडीलधाऱ्यांच्या स्मरणातच उरले आहे. आपल्या सभासद कुटुंबांनी ते रानांच्या नावांसह याच वर्षी लिहून काढावे.