वाळूचा हिशेब

आमचं आजोळ भीमाकाठचं, पंढरपूरच्या खाली. उन्हाळ्यात आजी वाळूत झिरा उकरून घागर भरायची. त्या वाळूचा मालक कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. 1966च्या जमीन महसूल संहितेच्या 48व्या कलमानुसार मालक सरकार! पुढे लिलाव आले, 2010च्या धोरणात ग्रामसभेला विचारणंही आलं (विचारलं कितपत, ते सोडा). 2023मध्ये सरकारच डेपोतून ब्रासला, म्हणजे 100 घनफुटांना, 600 रुपयांनी वाळू विकू लागलं. 2025मध्ये पुन्हा लिलाव... त्या मसुद्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या होत्या.

मीही लिहायला बसलो. पण झिऱ्याचा दर काय लावायचा? मामाला फोन केला.

"लिही, पात्रात नुसते खड्डे झालेत. पोरांना पोहायला सोडवत नाही."

तेवढंच लिहून पाठवलं.