वेस्ट टोनर (झेरॉक्स मशीनमधील)

वेस्ट टोनर : झेरॉक्स मशीनच्या ड्रमवरून कागदावर न उतरलेली, ब्लेडने खरवडून डब्यात साठवलेली काळी पावडर. मेकॅनिकच्या तोंडी नुसते ‘वेस्ट’. डबा भरला की मशीन थांबते. डबा बदलला वा रिकामा केला की चालू होते, आणि थोड्याच दिवसांत तोच संदेश पुन्हा पडद्यावर येतो. अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांत आणि कोर्टाभोवतीच्या दुकानांत ही नेहमीची कटकट. दोष डब्याला दिला जातो. तो बहुधा डब्याच्या आधीच्या एखाद्या भागात असतो.

टोनर म्हणजे प्लॅस्टिकची राळ, काजळी, थोडे मेण आणि विद्युतभार सांभाळणारी द्रव्ये यांची भुकटी. कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचे. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात पहिली कोरडी प्रत काढली, तेव्हापासून एक अडचण कायम आहे : ड्रमवरची सगळी भुकटी कागद उचलत नाही. १९५९ च्या झेरॉक्स ९१४ मध्ये उरलेली पावडर झाडायला सशाच्या केसांचा फिरता ब्रश होता. आता त्या जागी पॉलियुरेथेनची पट्टी, म्हणजेच ब्लेड, असते आणि खरवडलेली पावडर पेचाचा दांडा पुढे सरकवत डब्यात नेतो. जिनिंगमध्ये सरकी वाहून नेणारा पेचाचा कन्व्हेअर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा दांडा लगेच कळेल. आकार तेवढा बोटाएवढा.

निदानाची सुरुवात डबा हातात घेऊन करावी. तो हलका असेल आणि तरी ‘भरला’ असे मशीन म्हणत असेल, तर चूक सेन्सरची. पुष्कळ मशीनमध्ये डब्याला एक पारदर्शक खिडकी असते, तिच्यातून प्रकाश आरपार गेला की डबा रिकामा समजला जातो. डबा झटकून पुन्हा लावण्याची आपल्याकडे सवय. पण स्थिर विजेमुळे त्या खिडकीच्या आतल्या बाजूला पावडरचा पातळ थर चिकटून राहतो; वरून पाहता डबा रिकामा, सेन्सरला मात्र अंधार. कोरड्या मऊ कापडाने आतून खिडकी आणि समोरचा सेन्सर पुसला की कित्येकदा काम भागते. काही मशीन डबा पाहतच नाहीत, प्रती मोजतात. तिथे नवा डबा लावूनही सर्व्हिस मोडमध्ये जाऊन गणती शून्यावर आणावी लागते. डबा खाचेत नीट न बसणे हे तिसरे कारण, आणि ते आधी तपासलेले बरे.

डबा खरोखरच लवकर भरत असेल तर गोष्ट वेगळी. पावडर एवढी मागे का उरते, हे शोधायला जुने मेकॅनिक एक साधी युक्ती करतात. प्रत निघत असताना मध्येच मशीन बंद करायचे, दार उघडून ड्रम युनिट जपून बाहेर घ्यायचे आणि उजेडात फार वेळ न ठेवता पाहायचे. कागदाला भेटून पुढे गेलेल्या भागावर अक्षरे अजून ठळक दिसत असतील, तर कागदावर उतरवणारा ट्रान्सफर रोलर वा पट्टा दुबळा झाला आहे. अक्षरांच्या मधल्या कोऱ्या जागेवरही राखाडी थर असेल, तर चार्ज रोलर, संपत आलेला डेव्हलपर (टोनर ड्रमपर्यंत वाहून नेणारे लोहकण) किंवा टोनरचे प्रमाण मोजणारा सेन्सर यांच्याकडे वळावे. या सेन्सरने चुकून टोनर कमी दाखवला की मशीन तो ओतत राहते. दोन मिनिटांची ही तपासणी चार डब्यांचा खर्च वाचवते. ती न करता डबा बदलून देणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वऱ्हाडचे हवामान यात भर घालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. टिनाच्या छपराखाली बंद दुकानात पावडर गठुळते, पेचाचा दांडा अडकतो आणि गिअरचे दात तुटतात. कट्‌कट्‌ आवाज येऊ लागला की मशीन तिथेच थांबवावे, कारण पुढे न सरकलेली पावडर ड्रमभोवती साचून कागदांवर सांडते. जुलैत उलटा प्रकार. उघड्या रिमचा कागद ओल धरतो, ओला कागद भार टिकवत नाही आणि टोनर ड्रमवरच राहतो. नेमक्या त्याच दिवसांत प्रवेश, जात पडताळणी, सातबारा, पीककर्ज यांच्या कागदांची गर्दी असते. रिम पिशवीत बांधून ठेवणे एवढाही उपाय पुरतो. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानांत तंतू उडतो. एक तंतू ब्लेडखाली गेला तरी तेथून टोनर निसटतो आणि प्रतीवर उभी काळी रेघ येते.

वेस्ट पुन्हा टोनरच्या टाकीत ओतणे हा सर्वांत महागडा काटकसरीचा मार्ग. काही मशीन स्वतः वेस्ट परत वापरतात, पण ती त्यासाठीच घडवलेली असतात. इतरत्र त्या पावडरीत कागदाचा भुसा आणि डेव्हलपरचे लोहकण मिसळलेले असतात, तिचा भार बिघडलेला असतो. प्रत राखाडी येते, जास्त पावडर मागे उरते, डबा आणखी लवकर भरतो आणि शेवटी ड्रमवर चरे पडतात.

सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. बारीक भुकटी गाळणीतून पार होऊन हवेत पसरते, मोटारीच्या ठिणगीने पेटूही शकते. मास्क लावून ओलसर फडक्याने टिपावा. हात आणि कपडे थंड पाण्याने धुवावेत, गरम पाण्याने तो मऊ होऊन चिकटतो. टोनरमधील काजळी कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवली आहे, म्हणून दिवसभर मशीनशेजारी बसणाऱ्या पोराने तरी डबा तोंडाजवळ धरून झटकू नये. वेस्ट जाळू नये, नालीतही टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत झेरॉक्स मशीन आणि प्रिंटरची कार्ट्रिज येतात; भरलेला डबा तोंड चिकटपट्टीने बंद करून, दुहेरी पिशवीत घालून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे द्यावा.